चाकांवरून न्यायचं नाही

नोरीन टॅल्टीला सहानुभूती सोसत नसे. भांडण सोसायचं, उकाडा सोसायचा, वरच्या मजल्यावरचं सकाळपासून चाललेलं ड्रिलिंगसुद्धा सोसायचं, पण कुणी मान तिरकी करून हळू आवाजात "कशा आहात?" असं विचारलं, की तिचं डोकं फिरायचं. २००६ सालच्या फेब्रुवारीत तिचा नवरा सेनन हॉस्पिटलात वारला, त्या सकाळी एका तरुण नर्सने तिचा हात हातात घेऊन नेमकं हेच विचारलं. "मला काय धाड भरलीय?" नोरीन म्हणाली. "गेलाय तो." मग तीच ओशाळली, कारण वर्षानुवर्षं ती स्वतः याच शहरात, सिंगापुरात, नर्स होती आणि कितीतरी बायकांचे हात तिने असेच धरले होते. तिने त्या पोरीला जवळ ओढलं, तिच्या खांद्यावर थोडा वेळ रडून घेतलं, आणि डोळे पुसून विचारलं, "आता सांग, याला इथून बाहेर कसं नेणार?"

"ट्रॉलीवरून," नर्स म्हणाली.

हॉस्पिटलच्या आत आपलं काही चालणार नाही, हे नोरीनला ठाऊक होतं. पण शब्द दिला होता, तो तिला आठवत होता. शेवटचे सहा महिने सेनन चाकांवरच होता. खाट चाकांवर, खुर्ची चाकांवर, तपासणीला जायचं तर चाकांवर आणि परत यायचं तरी चाकांवर. हा माणूस गोदीत जहाजांच्या इंजिनांच्या पोटात शिरून काम करणारा, शिड्या चढून-उतरून ज्याचे गुडघे झिजले असा. एका दुपारी त्याने तिला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "मी माणूस आहे की भाजीची गाडी? इथून सुटलो की मला परत चाकांवर चढवू नकोस, नोरीन. माणसांनी उचलून नेऊ दे. आणि घाई करू नकोस." ती म्हणाली, "नाही चढवणार." एवढंच.

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला क्लेअर नावाचा परगणा आहे. तिथल्या शेजारशेजारच्या गावांतली ही दोघं. तिथे सेननने असं काही मागायचीही गरज पडली नसती. तिकडे माणूस गेला की त्याला घरात ठेवतात, आणि दफन होईपर्यंत क्षणभरही एकटं सोडत नाहीत. सगळा गाव येऊन बसतो. चहा होतो, पत्ते होतात, मेलेल्याच्या फजितीचे किस्से त्याच्याच उशाशी बसून सांगतात आणि पोट धरून हसतात. याला ते वेक म्हणतात. मग शेजारीपाजारी आळीपाळीने खांदा देत त्याला लांबच्या रस्त्याने नेतात. जवळचा रस्ता असला तरी लांबचा धरायचा, म्हणजे त्याला घालवायची आपल्याला घाई नाही हे त्याला कळतं. आणि पैसे देऊन आणलेला खांदा फक्त ज्याचं कुणी नाही त्याला.

सिंगापुरात आली तेव्हा नोरीनचं नुकतंच लग्न झालं होतं. इंग्रजांचं आरमार उत्तरेकडची गोदी सोडून गेलं होतं, आणि तिथे जहाजं दुरुस्त करायला इंजिनियर हवे होते. सेनन म्हणाला, दोन वर्षं राहू, पैसे गाठीला बांधू आणि परत जाऊ. सगळे हेच म्हणतात. पहिल्या आठवड्यात नोरीन पावासाठी रडली. तिच्या गावचा पाव यीस्टचा नव्हे, ताकातला. आणि इथे ताक मिळेना. शेवटी सेरंगून रोडवरच्या एका तमिळ दुकानदाराने तिला दही दिलं, ते घुसळून तिने पाव केला. तो इतका दगडासारखा झाला की सेननने तो गोदीत नेऊन सगळ्यांना दाखवला. नोरीन आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी पाव जमला.

दोन वर्षांची दहा झाली, दहाची वीस. कॉलम इथेच जन्मला, इथल्याच शाळेत गेला आणि शिकायला म्हणून लंडनला गेला तो तिथलाच झाला. गोदीचं क्वार्टर सुटलं तेव्हा बाकीचे आयरिश एकतर घरी परतले किंवा मरीन परेडला समुद्रकाठी कॉन्डोत गेले. टॅल्टी नवरा-बायकोने तोआ पायोहला सरकारी वसाहतीत नवव्या मजल्यावर जुना फ्लॅट घेतला. नव्या सहस्रकात बँकांच्या नोकऱ्यांवर आलेल्या तरुण आयरिश मंडळींना हे काही पचत नसे. "तोआ पायोह? म्हणजे सरकारी एचडीबी फ्लॅटमध्ये?" असं ते डोळे मोठे करून विचारायचे. नोरीन म्हणायची, "हो. लिफ्टमध्ये माणसं भेटतात. तुमच्याकडे भेटतात का?"

सेननने त्या फ्लॅटबाहेरच्या सामायिक कॉरिडॉरमध्ये कुंड्या मांडून कोबी लावला. नगर परिषदेची नोटीस आली. त्याने कुंड्या आत घेतल्या, तपासणीचा माणूस गेला, कुंड्या पुन्हा बाहेर आल्या. असं अनेक वर्षं चाललं. कोबी कधी नीट आला नाही, पण मुद्दा कोबीचा नव्हताच.

शेजारच्या फ्लॅटमध्ये प्रबोध आणि संजीवनी राहायला आली, त्याला चार-पाच वर्षं झाली असतील. प्रबोध संशोधक, संजीवनी इंजिनियर. दोघंही विदर्भातली, बौद्ध. संजीवनी घरी ताक करते, हे कळल्यावर नोरीनने दर शनिवारी भांडं घेऊन तिचं दार वाजवायला सुरुवात केली. त्यांची मुलगी इरा नोरीनचा पाव खाऊन इथल्या बोलीतलं 'लाह' शेवटी जोडून म्हणायची, "आंटी, सो हार्ड, लाह!" आणि तरी दुसरा तुकडा मागायची.

तर सेनन गेला, आणि दुसऱ्या दिवशी कॉलम लंडनहून येऊन पोचला. येताना विमानातच त्याने सगळं ठरवून टाकलं होतं. शहरातला वातानुकूलित हॉल, एक दुपार, नेटकी प्रार्थना, आणि मग थेट दफनभूमी. आयरिश क्लबचा डर्मट म्हणून एक बँकवाला होता, त्याच्याशी फोनवर बोलूनही झालं होतं.

"तुझे बाबा घरी येणार आहेत," नोरीन म्हणाली.

"आई, शवपेटी लिफ्टमध्ये मावत नाही."

हे खरं होतं. अंत्यविधीचं काम पाहणारे मिस्टर तेओ मोजमाप घेऊन गेले होते, आणि त्यांनीही नकारार्थी मान हलवली होती. नोरीनने क्षणभर विचार केला. "मग खाली," ती म्हणाली.

खाली म्हणजे व्हॉइड डेक. ब्लॉकच्या तळाशी खांबांवर मोकळा सोडलेला मजला. टपालाच्या पेट्या तिथे, सायकली तिथे, म्हातारे तिथेच दगडी टेबलांवर बुद्धिबळ खेळतात. मलय लोकांची लग्नं तिथे लागतात, आणि चिनी लोकांचे मृतदेह पाच-पाच दिवस तिथेच ठेवतात. मिस्टर तेओंचा चेहरा एकदम खुलला. हे तर त्यांचं रोजचं काम. परवानगी त्यांनी जेवायच्या आधी आणली. कोबीला मिळाली नव्हती, मरणाला मिळाली.

कॉलमचा चेहरा मात्र उतरला. तो वाईट मुलगा नव्हता, हे सांगायला हवं. त्याला आईची लाज वाटत नव्हती. त्याला भीती वाटत होती. "आई, तिथे येणार कोण? क्लबचे लोक नोकरीवर असतात. तुझे जुने मित्र एकतर गेले किंवा परतले. तू तिथे दोन दिवस रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांमध्ये बसून राहशील, आणि जाणारे-येणारे तुझ्याकडे बघत राहतील. मला ते बघवणार नाही."

हे बोलणं नोरीनच्या वर्मी लागलं. कारण हीच धास्ती तिलाही होती. सेननच्या वडिलांच्या वेळी गावात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि इकडे त्याच्यासाठी ती एकटी बसलेली असेल, हे चित्र रात्रीपासून तिच्या डोळ्यांपुढे होतं. पण लेकापुढे कबूल करील तर ती नोरीन कसली? "नको बघूस मग," ती म्हणाली. "पाठ करून बस."

सेननला दुपारी आणलं. पांढऱ्या मंडपाखाली पेटी ठेवली, झाकण उघडं, उशाशी मेणबत्त्या. नोरीन त्याच्या डोक्यापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. संजीवनीने ऑफिसातून सुट्टी घेऊन चहाचं मोठं भांडं खाली आणलं. कॉलम खांबाला टेकून उभा. तासभर खरोखरच कुणी आलं नाही. सायकल काढायला आलेला एक माणूस ओशाळून तसाच परत गेला.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम गो आल्या. हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी, मागे दोन दणकट मुलगे. त्यांनी पेटीत वाकून सेननकडे पाहिलं, नमस्कार केला आणि नोरीनला विचारलं, "आंटी, टुनाइट हू सिट विथ हिम?"

"मी बसेन. एकट्याला सोडायचं नसतं."

"ऑफ कोर्स कॅनॉट लीव्ह अलोन, लाह!" मॅडम गो जवळजवळ रागावल्याच. हे काय सांगायची गोष्ट झाली? त्यांनी थोरल्याला फोल्डिंग टेबल आणायला पिटाळलं आणि धाकट्याला पत्ते आणायला. "यू अलाऊ कार्ड्स ऑर नॉट?"

नोरीन त्यांच्याकडे बघतच राहिली. लंडनमध्ये बारा वर्षं काढलेल्या पोटच्या पोराला जे समजावून सांगता आलं नव्हतं, ते या बाईला सांगावंच लागलं नाही. तिला हसू फुटलं आणि त्याबरोबर रडूही. "पत्ते तर हवेतच," ती म्हणाली. "तो मात्र लबाडी करायचा. त्याच्याकडे पाठ करून बसू नका."

त्यानंतर खुर्च्या भरायला लागल्या. बुद्धिबळवाले म्हातारे आले, कोपऱ्यावरचा कॉफीवाला आला, नोरीनच्या हातून बाळंतपणं झालेल्या बायका आपल्या वाढलेल्या पोरांना घेऊन आल्या. कॉफीवाल्याने सांगितलं, सेनन रेडिओ कानाला लावून कसलीशी मॅच ऐकायचा आणि त्याचा संघ हरला की कॉफीला चव नाही म्हणून भांडायचा. त्यावर मॅडम गोंच्या थोरल्याने कोबीची गोष्ट काढली. लोक हसत होते. खांबाजवळचा कॉलम हळूहळू टेबलाजवळ सरकला आणि बापाने एकदा बोटीवरून पाण्यात पडल्यावर हातातली बाटली कशी वर धरून ठेवली होती, ते सांगू लागला. धाकट्या गोने त्याच्यापुढे पत्ते वाटले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डर्मट आणि क्लबची चार-पाच मंडळी सूट-बुटात, टॅक्सीने आली. संजीवनीने त्यांना चहा विचारला. "नको, नको, तुम्ही कशाला त्रास घेता," सगळे एका सुरात म्हणाले. तिने मान डोलावली आणि ट्रे घेऊन परत गेली. बराच वेळ ती मंडळी कोरड्या घशाने उभी. शेवटी नोरीनच्या ध्यानात आलं, आणि तिने संजीवनीला हाक मारली. "अगं, कितीदा विचारलंस त्यांना?"

"एकदा. ते नको म्हणाले."

"एकदा विचारलं तर आमचा माणूस तहानेने मरेल पण हो म्हणणार नाही. तीनदा विचारायचं. तिसऱ्यांदा 'बरं, अर्धा कप' म्हणतील, आणि मग दोन पितील."

संजीवनीने कपाळावर हात मारला. "आंटी, आमच्याकडेही अगदी असंच! इथल्या ऑफिसात एका 'नो'वर गप्प बसायची सवय लागली." ती ट्रे घेऊन परत गेली, आणि डर्मटने सलग तीन कप प्यायले. चहा पोटात गेल्यावर तो जरा माणसात आला. निघताना त्याने नोरीनचा हात धरून सांगितलं, की उद्या सकाळी खांदा द्यायला तो स्वतः आणि क्लबमधला आणखी एकजण नक्की येईल. कॉलम, प्रबोध आणि गोंचे दोन मुलगे असे चार होतेच. सहा झाले. नोरीन त्या रात्री वर जाऊन चक्क घोरली. सेननजवळ मॅडम गो बसल्या होत्या.

सकाळी मिस्टर तेओ शववाहिका घेऊन हजर झाले. सोबत त्यांची माणसं आणि चकचकीत स्टीलची ट्रॉली. नोरीनने त्यांना आधीच सांगितलं होतं, की गाडी इथे लावायची नाही. दोन ब्लॉक पलीकडे, बाजार आणि कॉफीचं दुकान ओलांडून जो रस्ता आहे तिथे लावायची. तिथपर्यंत माणसं नेतील. गाडीलाही चाकं असतात, हे प्रबोधने दबकत सुचवून पाहिलं होतं. "गाडीचं मी त्याला समजावीन," नोरीन म्हणाली होती. "तेवढं तो ऐकेल."

प्रार्थना झाली, झाकण लागलं. डर्मट आला नव्हता. मग फोन आला: ऑफिसात अचानक मीटिंग लागली, मनापासून माफी, दोघंही थेट दफनभूमीवर येतील.

मॅडम गो आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या. ते चांगलं नसावं. बुद्धिबळवाले म्हातारे एकमेकांकडे बघू लागले, पण त्यांतल्या एकाच्याही अंगात पेटी पेलायची ताकद नव्हती. मिस्टर तेओ पुढे झाले आणि अदबीने म्हणाले, "मॅडम, माझी दोन माणसं लावतो. किंवा ट्रॉली. अगदी हळू नेऊ."

"पैशाचा खांदा नको," नोरीन म्हणाली. आवाज तिचाच होता, पण त्यातला जोर गेला होता.

"आई, पुरे आता," कॉलम म्हणाला. तो रागावला नव्हता. त्याला तिची दया आली होती, आणि तेच वाईट होतं. "दोन दिवस तू म्हणशील तसं झालं. लोक आले, सगळं छान झालं. आता फक्त एवढ्या अंतरासाठी ट्रॉली वापरू. बाबांना काय कळणार आहे?"

"मला कळेल ना!"

इतका वेळ कप गोळा करत असलेल्या संजीवनीने ट्रे खाली ठेवला. ओढणी कमरेला बांधली. चपला काढून खांबाशी सारल्या आणि पेटीजवळ येऊन उभी राहिली.

"लेडी कॅनॉट, लाह," मॅडम गोंच्या तोंडून निघून गेलं.

"संजू, जमेल तुला?" प्रबोधने मराठीत विचारलं.

"न जमायला काय झालं?" ती म्हणाली. मग नोरीनकडे वळून, सगळ्यांना समजेल अशा इंग्रजीत बोलायला लागली. "आंटी, माझे आजोबा गेले तेव्हा गावातल्या वरच्या आळीने आमचा रस्ता अडवला होता. या वाटेने तुमचं प्रेत न्यायचं नाही, म्हणाले. भांडण झालं, पोलीस आले आणि पकडून कुणाला नेलं? आमच्याच पुरुषांना. तेव्हा माझ्या आजीने आणि तिच्या जावांनी खांदा दिला. त्याच वाटेने नेलं. आमच्याकडेही बाया खांदा देत नव्हत्या. त्या दिवसापासून देतात."

नोरीनने तिच्याकडे नीट पाहिलं. गळ्यात पडणं, आभार मानणं, असलं काही तिने केलं नाही. "उंची सारखी लागते," ती म्हणाली. "नाहीतर पेटी एका बाजूला कलते. तुझी उंची माझ्याएवढी आहे. तू पुढे डावीकडे लाग."

"आणि उजवीकडे कोण?" कॉलमने विचारलं. विचारता विचारताच त्याला कळलं. "नाही. आई, नाही. तू एकाहत्तर वर्षांची आहेस. आणि रीतीचंच म्हणशील तर क्लेअरमध्येही बायका हे करत नाहीत. आजीने केलं होतं का कधी?"

"नाही केलं. पुरुषांचा तुटवडा नव्हता तिला." नोरीन काळ्या कोटाची बटणं काढत होती. कोट तिने मॅडम गोंच्या हातात दिला. "मी त्याला माणसांचा शब्द दिलाय. पुरुषांचा नाही. सरक."

मिस्टर तेओंच्या माणसांनी पेटी वर उचलून सहा खांद्यांवर ठेवली आणि ते बाजूला झाले. ओझं टेकलं तशी नोरीनच्या तोंडून एक शिवी निघाली. प्रार्थनेला आलेल्या फादरांनी ती ऐकली नाही असं दाखवलं. शेजारी संजीवनीने पेटीखालून हात लांबवून तिचा दंड घट्ट धरला, आणि तिने हिचा.

सूर लावायला कुणी नव्हतं, वाजंत्री नव्हती. मागून वसाहतीतली माणसं चालत होती, चपलांचा आवाज तेवढा येत होता. बाजारातली मासेवाली हात पुसत उभी राहिली. कॉफीच्या दुकानात बसलेले लोक एकेक करत उठले. नोरीनचा चेहरा लालबुंद झाला होता, पांढरे केस कपाळाला चिकटले होते, आणि हाडात पेटीची कड रुतत होती. तिला दुखत होतं, आणि आत्ता दुखायलाच हवं असं तिला वाटत होतं. सहा महिन्यांत पहिल्यांदा ती सेननसाठी काहीतरी करत होती, ज्यात तिला कुणी 'बसा हो, आम्ही बघतो' म्हणत नव्हतं.

बाजार संपतो तिथे एक टॅक्सी करकचून थांबली. डर्मट उडी मारून उतरला. टाय खांद्यावर, धापा टाकत. मीटिंग सोडून आला होता बिचारा. समोर पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. धावत येऊन त्याने नोरीनच्या बाजूला हात लावला. "मिसेस टॅल्टी, द्या, मी घेतो. प्लीज. तुम्ही आता थांबा."

मागून कॉलम म्हणाला, "आई, दे त्याला. आता आलाय ना तो."

सगळी अंत्ययात्रा थबकली. शववाहिका समोरच दिसत होती, दार उघडून ठेवलेलं. नोरीनने डर्मटकडे बघितलं नाही. मान वळवायला जागाच नव्हती.

"मागे चाल," ती म्हणाली. "दमलं कुणी तर त्याची जागा घे. मी दमले नाही."

आणि तिने पाऊल उचललं, तेव्हा बाकीच्या पाचांनाही उचलावं लागलं.